विकत घेण्याआधी मोजा: १९६७ च्या मस्टँगचा मागचा ॲक्सल ओळखणे आणि बदलणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग, मूळची २८९ व्ही-८. आता तिच्यात साधारण ३५० पाउंड-फूट टॉर्कचं ३५१ विंडसर इंजिन येतंय. गिअरबॉक्स फोर्डचा चार गिअरचा टॉपलोडर, टायर २६ इंच व्यासाचे. गाडी बहुतेक रस्त्यावर चालेल, अधूनमधून चिकट टायर लावून ड्रॅग स्ट्रिपवर जाईल. मागे "नऊ इंची" ॲक्सल (इंच म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा व्यास) आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, पण खात्री नाही. तो खरंच कुठला आहे, टिकेल का, आणि टिकणार नसेल तर काय बसवावं?

पहिली गोष्ट: या गाड्यांचा मागचा ॲक्सल ही एकच वस्तू आहे असं समजू नका. ते तीन भाग आहेत. बाहेरचं हाउसिंग, समोरून बोल्टने बसणारा ओतीव थर्ड मेंबर ज्यात क्राउन आणि पिनियन (मोठं आणि छोटं दातेरी चक्र) असतात, आणि दोन बाजूंचे ॲक्सल शाफ्ट. पन्नासहून जास्त वर्षांत हे तिन्ही वेगवेगळ्या गाड्यांमधून आलेले असू शकतात. म्हणून तिन्हींची ओळख स्वतंत्रपणे पटवावी लागते, आणि लोक नेमके इथेच फसतात. एका भागावरून तिघांचा निष्कर्ष काढतात.

सुरुवात दरवाज्यावरच्या पट्टीपासून करा. त्या पट्टीवर ॲक्सलचा कोड असतो. आकडा असेल तर साधा डिफरन्शियल (वळताना दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), अक्षर असेल तर लॉकिंग, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र ओढायला लावणारा. १ म्हणजे ३.०० गुणोत्तराचा साधा (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या तीन फेऱ्या), ए म्हणजे ३.०० चाच पण लॉकिंग. हा कोड गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा आहे, आज खाली काय आहे ते तो सांगत नाही. तरी तो बघाच, कारण खाली दिसणाऱ्या गोष्टीशी तो जुळला नाही तर कोणीतरी आधी काम केलंय हे लगेच कळतं.

मूळ गाडीत काय असायला हवं होतं? १९६७ च्या सहा सिलिंडरच्या मस्टँगला ७.२५ इंची ॲक्सल, मागे झाकण असलेला, चाकाला चार नट. साध्या २८९ ला आठ इंची, पाच नट. ३९० ला आणि हाय-परफॉर्मन्सच्या के-कोड २८९ ला नऊ इंची. म्हणजे तुमची गाडी साधी २८९ असेल तर कारखान्याने तिला आठ इंची दिलेला असणार. नऊ इंची असेल तर तो नंतर कोणीतरी बसवलेला आहे.

आता गाडीखाली जा. गाडी नीट स्टँडवर, पुढच्या चाकांना ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मागच्या बाजूला दहा बोल्टचं पत्र्याचं झाकण दिसलं तर तो आठही नाही आणि नऊही नाही. या दोघांचं हाउसिंग मागून गुळगुळीत गोल असतं आणि सगळा ऐवज समोरून बाहेर येतो. आठ आणि नऊमधला फरक सांगणारी सर्वात भरवशाची परीक्षा गोटी पान्याची (सॉकेटची) आहे. थर्ड मेंबर हाउसिंगला धरून ठेवणाऱ्या नटांवर गोटी आणि रॅचेट लावून बघा. सगळ्या नटांवर गोटी सरळ बसली तर आठ इंची. खालच्या दोन नटांवर ओतीव भाग आड येऊन गोटी बसतच नाही, फिक्स पाना घालावा लागतो, तर नऊ इंची. ही परीक्षा रंग, गंज, कथा, कशानेही फसत नाही.

त्याच नटांपैकी एकाखाली पत्र्याची छोटी चिठ्ठी असते. तिच्यावर गुणोत्तर छापलेलं असतं. मधे एल हे अक्षर असेल, जसं ३एल५०, तर लॉकिंग डिफरन्शियल आणि ३.५० गुणोत्तर. पण लक्षात घ्या, ही चिठ्ठी थर्ड मेंबरला लावलेली आहे. थर्ड मेंबर एका तासात एका हाउसिंगमधून दुसऱ्यात जातो, आणि चिठ्ठी एका नटाखालून दुसऱ्या नटाखाली. म्हणून चिठ्ठी हाउसिंगच्या रुंदीबद्दल काहीच सांगत नाही, आणि आतल्या दात्यांबद्दलही फक्त इशारा देते.

गुणोत्तर स्वतः मोजा. साधा डिफरन्शियल असेल तर एक मागचं चाक जमिनीवर घट्ट ठेवा, दुसरं उचला, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर २० फेऱ्या फिरवा. एक चाक बांधलेलं असल्यामुळे क्राउन १० फेऱ्या फिरेल. शाफ्टच्या फेऱ्या मोजून १० ने भागल्या की गुणोत्तर हातात. ३० आल्या तर ३.००, साडेबत्तीस आल्या तर ३.२५, ३५ आल्या तर ३.५०. दोनच फेऱ्या फिरवून मोजणारे ३.२५ ला ३.५० समजतात, म्हणून कंटाळा करू नका. लॉकिंग असेल तर दोन्ही चाकं उचला, ती एकत्र फिरतील, मग चाकाच्या १० फेऱ्याच क्राउनच्या १० फेऱ्या. थर्ड मेंबर बाहेर काढलाच असेल तर सरळ दाते मोजा. नऊ इंचीत ३९ आणि १३ म्हणजे ३.००, ३९ आणि १२ म्हणजे ३.२५, ३५ आणि १० म्हणजे ३.५०, ३५ आणि ९ म्हणजे ३.८९, ३७ आणि ९ म्हणजे ४.११.

दोन्ही चाकं उचलून एक फिरवलं आणि दुसरं उलट फिरलं, की "साधा डिफरन्शियल" असा निकाल लोक देतात. तो पूर्ण खरा नाही. झिजलेला क्लचवाला लॉकिंग डिफरन्शियलही तसाच वागतो. त्या काळचे इक्वा-लॉक मुळातच कमजोर होते, त्यांचे क्लच आज मेलेले असण्याची शक्यता फार.

थर्ड मेंबर नऊ इंची निघाला तर त्याच्या पुढच्या तोंडावर वरच्या बाजूला मोठं एन ओतलेलं आहे का बघा. ते असेल तर नोड्युलर लोखंडाचं ओतकाम, साध्या बीडापेक्षा बरंच मजबूत. साध्या बीडाची केस रस्त्यावर वर्षानुवर्षं चालते, पण चिकट टायर लावून स्ट्रिपवर जायचं असेल तर मी ती वापरत नाही.

शाफ्टची ओळख बाहेरून पटवण्याच्या युक्त्या बऱ्याच आहेत, त्यांवर विसंबू नका. शाफ्ट ओढून काढा आणि त्याच्या आतल्या टोकाच्या खाचा (स्प्लाइन) मोजा. आठ आणि नऊ इंचीत हे सोपं आहे, कारण शाफ्ट आतून क्लिपने धरलेला नसतो. बाहेरच्या टोकाला ब्रेकप्लेटपाशी चार नट आणि एक पट्टी त्याच्या बेअरिंगला धरून ठेवतात. ड्रम काढा, फ्लँजच्या भोकातून गोटी घालून नट सोडवा, शाफ्ट बाहेर. बहुतेक २८ खाचांचा निघेल. बॉस ३०२ आणि बॉस ४२९ सारख्या तगड्या गाड्यांना ३१ खाचांचे दिलेले होते. जास्त खाचा म्हणजे जाड शाफ्ट, आणि पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते: व्यास १० टक्के वाढला की ताकद जवळपास ३३ टक्के वाढते. २८ वरून ३१ वर जाण्याचा फायदा यातच आहे.

शाफ्ट बाहेर असतानाच बेअरिंगचा बाहेरचा व्यास मोजून ठेवा. नऊ इंचीत लहान बेअरिंग २.८३५ इंच, मोठं ३.१५० इंच. हाउसिंगच्या टोकाची भोकं आणि ब्रेकप्लेट त्यानुसार बदलतात. हाउसिंग एका गाडीचं आणि ब्रेक दुसऱ्या गाडीचे घेतले आणि टोकं जुळली नाहीत, ही या कामातली नेहमीची अडचण आहे.

मग रुंदी. ती ड्रमच्या बाहेरच्या तोंडावरून मोजू नका, शाफ्टच्या फ्लँजपासून फ्लँजपर्यंत मोजा. १९६५-६६ च्या मस्टँगला ५७.२५ इंच, १९६७ ते ७० ला ५९.२५, १९७१ ते ७३ ला ६१.२५. प्रत्येक टप्प्याला दोन इंच. "मस्टँगचा नऊ इंची" म्हणून १९७१ चा घेतला तर तुमच्या गाडीत प्रत्येक बाजूला चाक एक इंच बाहेर येईल आणि रुंद टायर मडगार्डला घासेल. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका कुठे आहेत तेही मोजा: दोन्हींच्या मध्यापासून मध्यापर्यंत, आणि प्रत्येक बैठकीपासून फ्लँजपर्यंत.

आता बदलायचं का, हा प्रश्न. इंजिनचा टॉर्क ३५०. वाइड-रेशो टॉपलोडरचा पहिला गिअर २.७८. मागे ३.५० असेल तर ३५० गुणिले २.७८ गुणिले ३.५०, म्हणजे जवळपास ३४०० पाउंड-फूट शाफ्टवर येऊ शकतो. "येऊ शकतो" म्हणतो, कारण टायर सुटला की टॉर्क तिथेच थांबतो. रस्त्याचे साधे टायर असतील तर ते सुटतात आणि ॲक्सल वाचतो. चिकट टायर सुटत नाहीत, आणि तुम्ही क्लच झटक्यात सोडला की सगळा धक्का दात्यांवर आणि खाचांवर बसतो. म्हणून फक्त हॉर्सपॉवर सांगून "आठ इंची टिकेल का" असं विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. टायर कोणते आणि गिअरबॉक्स क्लचचा की ऑटोमॅटिक, हे आधी सांगावं लागतं. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर धक्का बराच गिळतो.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त रस्ता आणि साधे टायर असते तर चांगल्या स्थितीतला आठ इंची ठेवा, त्यात नवीन बेअरिंग, योग्य गुणोत्तर आणि चांगला लिमिटेड-स्लिप (एक चाक मोकळं घसरू न देणारा, लॉकिंगच्याच जातीचा डिफरन्शियल) घाला असंच सांगितलं असतं. तो नऊपेक्षा हलका आहे आणि तुमच्या ब्रेकना, शाफ्टला, पाट्यांना आधीच जुळलेला आहे. पण क्लच, ३५१ आणि चिकट टायर हे तिन्ही एकत्र आले की आठ इंची २८ खाचांचा ॲक्सल मी पुरेसा मानत नाही. तुम्हाला मोठा लागेल.

मोठ्यात दोन वाटा आहेत. पहिली नऊ इंची. फोर्डने तो १९५७ पासून १९८६ पर्यंत गाड्यांना आणि ट्रकना लावला, त्यामुळे जुने भाग आणि नवे भाग दोन्ही मुबलक. त्याची खरी ताकद नुसत्या क्राउनच्या व्यासात नाही. पिनियनच्या दात्यांच्या दोन्ही बाजूंना बेअरिंग आहे, त्यामुळे जोर पडल्यावर पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जात नाही. शिवाय पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा जवळपास २.४ इंच खाली बसतो, त्यामुळे दाते लांब पट्ट्यात एकमेकांना भिडतात. किंमत म्हणून घर्षण जास्त, थोडी ताकद उष्णतेत जाते. रस्त्यावरच्या गाडीत तुम्हाला ती कधी जाणवणार नाही.

दुसरी वाट ८.८ इंची. मस्टँगच्या व्ही-८ ला तो १९८६ पासून २०१४ पर्यंत होता. जुन्या मस्टँगवाल्यांना यातला आवडतो तो १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा: ३१ खाचांचे शाफ्ट, मागे डिस्क ब्रेक, आणि पाच नटांची साडेचार इंची मांडणी, जी तुमच्या चाकांची आहे. रुंदीही साधारण ५९.५ इंच. तो स्वस्त पडतो, पण स्वस्त का पडतो ते समजून घ्या. त्याची डावी नळी उजवीपेक्षा साधारण तीन इंच लांब असल्यामुळे पिनियन एका बाजूला असतो. काही जण डावी नळी कापून दोन्ही बाजूंना उजवा, लहान शाफ्ट घालतात; मग पिनियन मध्यावर येतो पण रुंदी तीन इंचांनी घटते, जी १९६५-६६ ला जमते. तुमच्या १९६७ ला ती अरुंद पडेल आणि चाकांचं ऑफसेट बदलावं लागेल. जुन्या बैठका कापून पाट्यांसाठी नव्या वेल्ड कराव्या लागतात. पुढचं फ्लँज गोल, चार बोल्टचं आहे, त्यासाठी वेगळा योक (शाफ्ट जोडणारा दुबेळका भाग) किंवा जोड लागतो. शाफ्ट आतून सी-क्लिपने (सी आकाराच्या कडीने) धरलेले आहेत, म्हणजे शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर निघू शकतो. आणि नळ्या मधल्या ओतीव भागात नुसत्या दाबून, दोन-तीन टाक्यांवर बसवलेल्या असतात. मोठ्या टॉर्कला त्या आत फिरतात. त्या पूर्ण गोल वेल्ड करायच्या तर ओतकाम आधी तापवून, योग्य निकेल रॉडने, सावकाश. हे काम जाणकार वेल्डरकडेच द्या.

तुम्ही स्ट्रिपवर जाणार आहात, म्हणून मी नऊ इंची घ्यायला सांगेन: ५९.२५ इंची हाउसिंग, नोड्युलर केस, ३१ खाचांचे शाफ्ट. १९७७ ते ८० च्या लिंकन व्हर्सायचा नऊ इंचीही मागच्या डिस्कसाठी लोक शोधतात, पण त्याचे शाफ्ट २८ खाचांचे. जुन्या एफ-१५० चं हाउसिंग खूप रुंद आणि चाकाची मांडणी साडेपाच इंची, म्हणून ते सोडा. मात्र त्याचा थर्ड मेंबर मस्टँगच्या हाउसिंगमध्ये बसतो, खाचा जुळल्या की झालं. गंजक्या गाड्यांच्या आवारात म्हणूनच ट्रकखाली जरूर बघावं.

लिमिटेड-स्लिपमध्ये गिअरवाला हेलिकल प्रकार रस्त्याला सर्वोत्तम: आवाज नाही, झिजायला क्लच नाहीत. क्लचवाला ट्रॅक्शन-लॉक चांगला, पण त्याला तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो आणि क्लच काही वर्षांनी बदलावे लागतात. डेट्रॉइट लॉकर फार मजबूत, वळणावर कटकट आवाज करतो आणि पावसात सावध राहायला लावतो. स्पूल, म्हणजे डिफरन्शियलच नसलेला, दोन्ही शाफ्ट कायम जोडणारा भाग, रस्त्यावर नको. वळताना दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरवल्यामुळे शाफ्टवर सतत पीळ पडतो.

गुणोत्तर निवडताना हे सूत्र वापरा: मैल प्रतितास गुणिले गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. ७० मैलांना २६ इंची टायरवर ३.०० ला सुमारे २७१० आरपीएम, ३.५० ला ३१७० च्या आसपास, ४.११ ला ३७२०. टॉपलोडरचा चौथा गिअर थेट एकास एक असल्याने हाच आकडा इंजिनचा. ४.११ ची हौस पहिल्या लांब प्रवासात फिटते. सध्या ३.५० घ्या. पुढे पाच गिअरचा बॉक्स आला आणि त्याचा पाचवा ०.६८ असला, तर ३.८९ सुद्धा ७० मैलांना साधारण २४०० वर चालेल. तेव्हा दुसरा थर्ड मेंबर तयार करून ठेवला की बदल अर्ध्या दिवसाचा. नऊ इंचीचं हे सुख ८.८ ला नाही.

दाते बसवण्याचं काम घाईने होत नाही. चार गोष्टी साधायच्या असतात: पिनियनची खोली, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब), बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) आणि बाजूच्या बेअरिंगचा प्रीलोड. नऊ इंचीत पिनियन सपोर्ट आणि केसच्या मधे शिम (पातळ चकत्या) बसतात. शिम वाढवला की पिनियन क्राउनपासून दूर जातो. ८.८ मध्ये शिम पिनियनच्या डोक्यामागच्या बेअरिंगखाली असतो. तिथे वाढवला की पिनियन जवळ येतो. दोन्ही प्रकारांवर काम करणाऱ्यांनी हा उलटेपणा भिंतीवर लिहून ठेवावा. बॅकलॅश डायल गेजने बघा, नव्या दात्यांना साधारण ०.००८ ते ०.०१२ इंच, आणि दात्यांच्या संचाबरोबर आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो खरा. क्राउनच्या वेगवेगळ्या चार जागी मोजा, एकाच ठिकाणी नाही. शेवटचा निर्णय रंगाचा पट्टा देतो: दात्यांना मार्किंगचा रंग लावा, क्राउनला हाताने रोध देऊन दोन्ही दिशांना फिरवा, आणि ठसा दात्याच्या उंचीच्या मध्यावर येईपर्यंत शिम बदलत राहा. ठसा वरच्या कडेला असेल तर पिनियन फार दूर, मुळाशी असेल तर फार जवळ. क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना दबून प्रीलोड ठरवणारी नळी) एकदा जास्त दाबली गेली की नट सैल करून भागत नाही, नवीनच घाला.

बैठका वेल्ड करण्याआधी फक्त टाके घाला. गाडी चाकांवर, पूर्ण वजनावर उभी करून पिनियनचा कोन बघा. पाट्यांच्या गाडीत जोर लागला की पिनियन वर उचलला जातो, म्हणून उभ्या गाडीत तो शाफ्टच्या तुलनेत एक-दोन अंश खाली ठेवतात. मग पक्कं वेल्ड, थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, म्हणजे नळी वाकणार नाही. वेल्डनंतर नळ्या सरळ आहेत का ते तपासून घ्या. वाकडी नळी बेअरिंग आणि सील वारंवार खाते, आणि लोक सीलला दोष देत बसतात.

प्रोपेलर शाफ्टची लांबी सगळं बसल्यावर, गाडी वजनावर असतानाच मोजा. आठवरून नऊवर गेल्यावर ती बदलते. स्लिप योक पूर्ण आत ढकलून साधारण पाऊण ते एक इंच बाहेर असावा. क्रॉसचं (युनिव्हर्सल जॉइंटचं) मापही बघा, जुना १३१० आणि नऊ इंचीचा १३३० असेल तर मिश्र मापाचा क्रॉस मिळतो. मागे डिस्क लावल्या तर मास्टर सिलिंडरमधल्या ड्रमच्या बाजूचा उरलेला दाब धरणारा व्हॉल्व्ह काढावा लागतो, नाहीतर पॅड घासत राहतील. आणि मागच्या ब्रेकसाठी ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) लावा. हाउसिंगचा श्वासनळीचा ब्रीदर उघडा आहे का तेही बघा. तो तुंबला की तेल सीलमधून ब्रेकवर येतं.

नवे दाते पहिल्यांदा तापवताना १५-२० मिनिटं सौम्य चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. हे काही वेळा करा. पहिले ५०० मैल जोर नाही, ओढकाम नाही, स्ट्रिप तर नाहीच. ५०० मैलांनी तेल काढा, जीएल-५ प्रतीचं नवं भरा, लिमिटेड-स्लिपला लागत असेल तर मॉडिफायर घाला. निघालेल्या तेलात चमकणारी बारीक धूळ असणं नेहमीचं. चुंबकाला तुकडे चिकटले, किंवा ठरावीक वेगाला हूं असा आवाज येऊ लागला, तर गाडी पुढे न चालवता थर्ड मेंबर बाहेर काढा आणि रंगाचा ठसा पुन्हा घ्या.